समिती नेमली, पुढे काय? हेंडरसन ब्रूक्सपासून कारगिलपर्यंत

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. माझं अडखळणं तेवढं काढून टाकलंय, बाकी जे बोलले ते जवळपास तसंच आहे.)

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण लगेच पुढच्या एपिसोडवर जातील याची मला कल्पना आहे. विषय आहे समित्या. त्यातही सरकारी समित्या. हो, त्याच, ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो की काम टाळायचं असेल तर समिती नेमा.

पण पाच मिनिटं थांबा. आज मी तुम्हाला दोन अहवालांची गोष्ट सांगणार आहे. दोन्ही भारताचेच, दोन्ही युद्धानंतरचे. एक १९६३ साली लिहून झाला आणि सरकारने आजही तो अधिकृतपणे आपल्याला वाचू दिलेला नाही. दुसरा १९९९ मध्ये लिहून झाला आणि दोन महिने आणि काही दिवसांत संसदेच्या पटलावर आला, नंतर पुस्तक म्हणून दुकानात मिळायला लागला. देश तोच. मग हा फरक आला कुठून? माझं म्हणणं असं की तो अहवाल लिहिणाऱ्यांमुळे आला नाही. अहवाल मागवला कसा गेला, त्यातून आला.

आधी एक शब्द समजून घेऊया, कारण पुढे तो सारखा येणार आहे. कार्यकक्षा. सरकार एखादी समिती नेमतं तेव्हा एक आदेश निघतो. त्यात सदस्यांची नावं असतात, मुदत असते आणि दोन-चार ओळींत लिहिलेलं असतं की तुम्ही नेमकं काय तपासायचं. या दोन-चार ओळी म्हणजे कार्यकक्षा. बातमीत त्या कधीच ठळक नसतात. बातमी असते ती अध्यक्षांच्या नावाची. पण खरा खेळ त्या ओळींमध्ये असतो. डॉक्टरला तुम्ही सांगितलंत की फक्त गुडघा तपासा, तर तो हृदयाबद्दल काही लिहिणार नाही, मग तो कितीही हुशार असो.

१९६२ : खालून वर बघणारा अहवाल

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२. चीनबरोबरच्या युद्धात आपला दारुण पराभव झाला. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्याआधीच गेले होते, लष्करप्रमुख जनरल थापर यांनीही पद सोडलं आणि जनरल जे. एन. चौधरी आले. आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना पंडित नेहरूंनी दिल्लीला बोलावून संरक्षण खातं दिलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य तुम्ही शाळेत, भाषणात, कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच. त्यामागचा प्रसंग हा.

लोक चिडलेले होते, संसद चिडलेली होती. असं का झालं, हा प्रश्न सगळीकडे होता. डिसेंबर १९६२ मध्ये लष्करप्रमुखांनी दोन अधिकाऱ्यांना कामाला लावलं. एक, लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स. नावावरून इंग्रज वाटतात, पण होते आपल्याच लष्करातले, जालंधरच्या कोअरचे प्रमुख. दुसरे, ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले आणि त्या वेळी डेहराडूनच्या लष्करी अकादमीचे प्रमुख. म्हणजे माणसं एकदम खणखणीत.

आता बघा, त्यांना काय तपासायला सांगितलं. पाच गोष्टी : प्रशिक्षण, शस्त्रं आणि साहित्य, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक तंदुरुस्ती आणि सर्व पातळ्यांवरच्या कमांडरांची आपल्या माणसांवर प्रभाव पाडण्याची क्षमता.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यात काय नाही? दिल्ली नाही. सीमेवर छोट्या छोट्या चौक्या पुढे सरकवायचं धोरण कोणी ठरवलं, चीन प्रत्युत्तर देणार नाही असं गुप्तवार्ता विभागाने कशाच्या जोरावर मानलं, संरक्षणमंत्री आणि सेनापती यांच्यात काय बोलणं झालं, यातलं काहीच नाही. शिवाय लष्कराचं मुख्यालय हा भागही या दोघांच्या कक्षेबाहेर ठेवला होता. म्हणजे निर्णय जिथून निघाले ती खोली सोडून बाकीचं घर तपासा, असा प्रकार. अहवाल मागवणारे लष्करप्रमुख, अहवाल जाणार लष्करप्रमुखांकडे, आणि लष्करप्रमुखांचं मुख्यालय मात्र बाहेर.

यात कोणाचा दुष्टपणा असेलच असं मी म्हणत नाही. हरलेल्या फौजेला लवकर उभं करायचं होतं. चीन पुन्हा येईल अशी भीती होती. लष्करप्रमुखाला हवी होती ती व्यावहारिक उत्तरं : बूट कमी पडले का, बंदुका जुन्या होत्या का, उंचीवर लढायचा सराव होता का. त्या दृष्टीने प्रश्न बरोबर होते. पण देशाचा प्रश्न त्याहून मोठा होता, आणि तो कोणीच विचारला नाही.

गंमत अशी की या दोन अधिकाऱ्यांनाही ते टोचत होतं. अहवालातच त्यांनी नोंदवलंय की खरं तर मुख्यालयापासून सुरुवात करून मग खाली रणांगणापर्यंत यायला हवं होतं, तेच तर्काला धरून झालं असतं. तसं करता येत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? खालच्या ऑफिसांतले कागद घेतले. आता वरून आलेल्या आदेशाची प्रत खाली असतेच ना! त्या प्रतींवरून वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते बरंचसं दिसलं. त्यातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. १९६२च्या सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्र्यांकडे ज्या बैठका झाल्या, त्यांचं इतिवृत्त ठेवायचं नाही असं ठरलं होतं. कारण काय तर गोपनीयता. आणि अहवालकर्त्यांचा निष्कर्ष असा की यामुळे मोठ्या निर्णयांची जबाबदारी शेवटी कोणावरच राहिली नाही.

थोडा विचार करा. नामका चू नदीच्या काठी अपुऱ्या कपड्यांत, मोजक्या गोळ्या घेऊन बसलेला जवान. त्याला तिथे बसवायचा निर्णय एका खोलीत होतो. आणि त्या खोलीत कोण काय म्हणालं याचा कागदच नाही.

चव्हाणांचं निवेदन आणि बंद कपाट

अहवाल मे १९६३ मध्ये लष्करप्रमुखांकडे आला, जुलैमध्ये संरक्षणमंत्र्यांकडे गेला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं. ते पाच मुद्दे त्यांनी सांगितले, कुठे कमी पडलो हे थोडक्यात मान्य केलं, काय सुधारणा करतोय तेही सांगितलं. पण अहवाल मांडला नाही. सुरक्षेला आणि सैन्याच्या मनोबलाला धक्का बसेल, असं कारण दिलं.

चव्हाणांची अडचण समजण्यासारखी आहे. नेहरू पंतप्रधान, पक्ष तोच, सैन्य खचलेलं. अशा वेळी ते कपाट उघडलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. आणि त्यांनी काम केलं हेही खरं. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं, डोंगराळ लढाईसाठी दहा वेगळ्या डिव्हिजन उभ्या करायच्या, हवाई दल ४५ स्क्वाड्रनचं करायचं, अशी पाच वर्षांची संरक्षण योजना त्यांच्याच काळात आखली गेली. १९६५ च्या युद्धात त्याचा उपयोग झाला.

पण १९६३ मध्ये जे समजण्यासारखं होतं, ते २०१० मध्येही समजण्यासारखं आहे का? २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की अहवालातला मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि त्याला आजही लष्करी मूल्य आहे. काँग्रेसचं सरकार गेलं, भाजपचं आलं. विरोधात असताना अहवाल उघड करा म्हणणारे सत्तेत आल्यावर तेच उत्तर द्यायला लागले. म्हणजे या एका बाबतीत आपल्याकडे अगदी सर्वपक्षीय एकमत आहे बघा!

दरम्यान झालं काय? ‘द टाइम्स’चे दिल्लीतले माजी बातमीदार नेव्हिल मॅक्सवेल यांच्याकडे त्याची प्रत होती. १९७० मध्ये त्यांनी १९६२ वर पुस्तक लिहिलं आणि त्यात सगळा दोष भारताच्या माथी मारला. मार्च २०१४ मध्ये त्यांनी अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. आज तो मोबाइलवर कोणीही वाचू शकतं. कागदोपत्री तो अजून गुप्त आहे.

नुकसान कोणाचं झालं ते बघा. अहवाल दाबल्यामुळे गुपित राहिलं नाही. उलट अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्या युद्धाची गोष्ट जगाला सांगितली ती एका परदेशी पत्रकाराने, त्याच्या चष्म्यातून. आपल्या अभ्यासकांकडे उत्तर द्यायला मूळ कागद नव्हता.

चव्हाणांनी लावलेलं दुसरं झाड

इथे एक छोटं वळण घेते, कारण पुढचा दुवा त्यातच आहे. चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नोव्हेंबर १९६५ मध्ये दिल्लीत एक संस्था सुरू झाली. संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था, लोक तिला आयडीएसए म्हणतात. कल्पना अशी की संरक्षणाचा अभ्यास फक्त लढाई हरल्यावर करायचा नाही, सतत करायचा. पैसा सरकारचा, पण अभ्यासक सैन्यातले, नोकरशाहीतले, विद्यापीठांतले असे मिश्र. या संस्थेला आता मनोहर पर्रीकरांचं नाव दिलंय. म्हणजे कऱ्हाडच्या संरक्षणमंत्र्यांनी रोप लावलं आणि झाडाला गोव्याच्या संरक्षणमंत्र्यांचं नाव लागलं.

१९६८ मध्ये तिचे संचालक झाले के. सुब्रह्मण्यम. तामिळनाडूचे, १९५१ च्या तुकडीचे आयएएस अधिकारी. आजचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांचे वडील. दोन टप्प्यांत मिळून त्यांनी बरीच वर्षं ही संस्था सांभाळली. मधल्या काळात सरकारच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचं कामही पाहिलं. त्यांचं आयुष्यभराचं एक तुणतुणं होतं (तुणतुणं हा शब्द मी प्रेमाने वापरतेय!) की या देशात युद्धं होतात, पण त्यातून शिकण्याची यंत्रणा नाही.

१९९९ : तीन दिवसांत समिती

मे १९९९. कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर असल्याचं आधी मेंढपाळांच्या लक्षात आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २६ जुलैला मोहीम संपली. आपले ५२७ जवान आणि अधिकारी गेले.

आणि २९ जुलैला, म्हणजे तीनच दिवसांनी, वाजपेयी सरकारने कारगिल आढावा समिती नेमली. अध्यक्ष सुब्रह्मण्यम. सोबत माजी लष्कर उपप्रमुख लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, ज्येष्ठ पत्रकार बी. जी. वर्गीस, आणि सदस्य-सचिव म्हणून राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयाचे सतीश चंद्र.

१९६२ शी तुलना करा. तेव्हा दोन्ही सदस्य वर्दीतले, सेवेत असलेले. इथे चारपैकी वर्दीतला एकच, तोही निवृत्त. एक पत्रकार! बाहेरचा माणूस आत बसला की कागद नुसता फायलीत जाणार नाही, कोणीतरी वाचणार आहे, या जाणिवेने लिहिला जातो.

कार्यकक्षा दोनच वाक्यांची. एक, कारगिलमधल्या पाकिस्तानी आक्रमणापर्यंत नेणाऱ्या घटनांचा आढावा घ्या. दोन, अशा सशस्त्र घुसखोरीपासून देशाचं संरक्षण करण्यासाठी काय उपाय करावेत ते सुचवा. बघा, किती मोकळी चौकट आहे. ‘घटनांचा आढावा’ म्हटल्यावर तुम्ही दिल्लीपर्यंत जाऊ शकता, गुप्तवार्ता विभागांकडे जाऊ शकता, अगदी अणुकार्यक्रमाच्या इतिहासापर्यंत जाऊ शकता. समिती गेलीही.

पण या समितीला साक्षीदाराला समन्स काढायचा कायदेशीर अधिकार नव्हता. ती चौकशी आयोग नव्हती. कोणी आलं नाही तर ती फक्त विनंती करू शकत होती. तरी लोक आले, कागद मिळाले, कारण पंतप्रधान कार्यालयाची इच्छा होती. यातून एक धडा घ्यायचा : अशा अभ्यासाला कागद मिळतात ते बहुतेकदा वरच्या माणसाच्या मर्जीने. मर्जी आहे तोवर दारं उघडी.

डिसेंबरच्या मध्यावर अहवाल तयार झाला. साडेचार महिन्यांत! आणि २३ फेब्रुवारी २००० रोजी तो संसदेत मांडला गेला. काही भाग सुरक्षेच्या कारणाने वगळला होता, पण वगळलेल्या जागा दिसत होत्या. मला हे फार प्रामाणिक वाटतं. लपवा, पण लपवलंय हे तरी सांगा.

एका पत्राची गोष्ट

अहवालातली एक गोष्ट सांगते, म्हणजे असा अभ्यास कशासाठी करायचा ते कळेल.

जून १९९८. युद्धाच्या जवळपास वर्षभर आधी. गुप्तवार्ता विभागाच्या, म्हणजे आयबीच्या संचालकांनी एक टिपण पाठवलं. कारगिलच्या समोर, नियंत्रण रेषेपलीकडे काय हालचाली वाढल्यात, याबद्दल. स्वतः संचालकांची सही, म्हणजे विषय गंभीर. ते थेट पंतप्रधानांपर्यंतच्या वरिष्ठांना गेलं.

पण समितीने बघितलं की ते कोणाला गेलं नाही. रॉच्या प्रमुखांना नाही, संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांना नाही आणि लष्करी गुप्तवार्तेच्या महासंचालकांना नाही. म्हणजे हा तुकडा इतर तुकड्यांशी जोडून बघणं हेच ज्यांचं काम होतं, नेमके तेच तिघं यादीत नव्हते. आयबीला वाटलं वरून येईल त्यांच्याकडे. वरच्यांना वाटलं आयबीने दिलंच असेल. आपल्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं ना, ‘मला वाटलं तू सांगितलंस’, अगदी तसंच. फक्त इथे पणाला लागले होते ते जीव.

एका माणसाची चूक शोधायला निघालात तर ही गोष्ट सापडत नाही. पत्रं कुठून कुठे जातात हे तपासायला निघालात तरच सापडते. समितीचा मोठा निष्कर्षही त्याच दिशेचा होता. फाळणीच्या वेळी लॉर्ड इस्मे यांनी आखून दिलेली संरक्षण व्यवस्थापनाची चौकट आपण ५२ वर्षं जवळपास तशीच चालवली. १९६२, १९६५, १९७१, काहीही झालं तरी कोणी ती मुळातून तपासली नाही.

आता टीकाही सांगायला हवी, नाहीतर मी समितीची प्रवक्ती व्हायचे. समितीने कोणावर व्यक्तिशः जबाबदारी टाकली नाही. तिला तसं सांगितलंच नव्हतं. ज्यांच्या घरातला मुलगा गेला त्यांनी विचारलं, मग शिक्षा कोणाला? आणि सदस्य-सचिव ज्या सचिवालयाचे, ते स्वतः गुप्तवार्तेच्या यंत्रणेचाच भाग होतं, मग तटस्थपणा कसा, असंही विचारलं गेलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मला वाटतं, शिक्षेची तलवार टांगलेली असती तर इतक्या लोकांनी तोंड उघडलं नसतं. दोष ठरवणं आणि व्यवस्था समजून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे दुसरं झालं, पहिलं राहूनच गेलं.

अहवालानंतरचा अहवाल

सहसा गोष्ट इथे संपते. अहवाल बासनात. या वेळी तसं झालं नाही. एप्रिल २००० मध्ये मंत्रिगट नेमला : अडवाणी, जॉर्ज फर्नांडिस, जसवंतसिंग आणि यशवंत सिन्हा. गृह, संरक्षण, परराष्ट्र, अर्थ. ही रचना हुशारीची होती. सुधारणा अडते कुठे? एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की. इथे चारही खाती एका टेबलावर, आणि पैसा देणारासुद्धा तिथेच.

मंत्रिगटाने चार कृती दलं केली. गुप्तवार्तेसाठी गिरीश चंद्र सक्सेना, अंतर्गत सुरक्षेसाठी एन. एन. व्होरा, संरक्षण व्यवस्थापनासाठी अरुण सिंग आणि सीमा व्यवस्थापनासाठी माधव गोडबोले. हो, तेच गोडबोले, ‘अपुरा डाव’ लिहिणारे, माजी केंद्रीय गृहसचिव. त्यापूर्वी काही ठिकाणी एकाच सीमेवर एकापेक्षा जास्त दलं असायची आणि काही घडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायचा. ‘एक सीमा, एक दल’ हे तत्त्व या प्रक्रियेतून पुढे आलं. आज नेपाळच्या सीमेवर एसएसबी आणि चीनच्या सीमेवर आयटीबीपी दिसते त्यामागे हे आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये मंत्रिगटाचा अहवाल आला, मे महिन्यात मंजूर झाला. गुप्तवार्तेवरचं प्रकरण छापील प्रतीतून काढून टाकलं. त्यातून तिन्ही दलांचं एकात्मिक मुख्यालय आलं, संरक्षण गुप्तवार्ता संस्था आली, अंदमानला तिन्ही दलांची मिळून एक कमांड आली.

घोडं अडलं एकाच ठिकाणी. तिन्ही दलांवर एक प्रमुख, म्हणजे सीडीएस. मंत्रिगटाने सुचवलं, सरकार म्हणालं, आधी इतर पक्षांशी बोलू. ते बोलणं किती चाललं? २०१२ मध्ये नरेश चंद्र यांच्या कृती दलाने अहवाल दिला, त्यात थोडा सौम्य पर्याय होता. तो अहवाल जाहीर झालाच नाही. २०१६ मध्ये पर्रीकरांनी लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली. तिने सुचवलेल्या गोष्टींपैकी सैन्याच्या ६५ शिफारशी २०१७ मध्ये मान्य झाल्या, सुमारे ५७ हजार पदांची फेररचना ठरली. आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले सीडीएस झाले. २००१ ते २०२०. ज्या वर्षी शिफारस झाली त्या वर्षी जन्मलेलं पोर तोपर्यंत कॉलेजात पोहोचलं होतं!

वरातीआधी घोडं

आपल्याकडचे हे सगळे अभ्यास वरातीमागून घोडं या प्रकारातले. आधी फटका, मग समिती. दुसरी पद्धत असते का? असते. १९५३ सालच्या अमेरिकेतलं एक उदाहरण पटकन सांगते.

आयझेनहॉवर नुकतेच राष्ट्राध्यक्ष झाले होते. स्टॅलिन मार्चमध्ये वारला होता. रशियाशी कसं वागायचं? त्यांनी एक समिती नेमून एक उत्तर मागितलं नाही. त्यांनी तीन गट केले आणि प्रत्येकाला वेगळं धोरण वाटून दिलं. एकाला म्हणाले, रशियाला आहे तिथे रोखून धरायच्या बाजूने मांडणी करा. दुसऱ्याला, एक लक्ष्मणरेषा आखा, ती ओलांडली तर युद्ध. तिसऱ्याला, रशियाच्या ताब्यातले प्रदेश सोडवायचे कसे ते सांगा. पहिल्या गटाचे प्रमुख होते मुत्सद्दी जॉर्ज केनन. उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल वॉर कॉलेजात बसून तिघांनी आपापली बाजू होईल तितकी भक्कम केली आणि जुलैमध्ये अध्यक्षांसमोर मांडली. ऑक्टोबरमध्ये त्यांचं नवं धोरण ठरलं. हा सोलॅरियम प्रकल्प.

सगळं त्यांचं चांगलं आणि आपलं वाईट असं मला म्हणायचं नाही. त्याच वर्षी इराणमध्ये त्यांनी काय उद्योग केले तेही आपल्याला माहीत आहे. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. साहेबांना काय आवडेल ते ओळखून लिहायचं, हा प्रत्येक सरकारी अभ्यासाला होणारा आजार. तीन गटांना तीन वेगळ्या बाजू दिल्या की तो आजार निदान कमी होतो.

आणि आपली मुंबई

शेवटचा मुद्दा घरचा. २६ नोव्हेंबर २००८. हल्ल्यानंतर महाराष्ट्र सरकारने ३० डिसेंबरला दोन सदस्यांची समिती नेमली : राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन. प्रधान कोण? माजी केंद्रीय गृहसचिव. पण त्याआधी, १९६२ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा त्यांचे खाजगी सचिव. एका पराभवानंतरचं कपाट ज्यांनी आतून बघितलं होतं, तेच ४६ वर्षांनी दुसऱ्या फटक्याचा अहवाल लिहायला बसले.

आणि कार्यकक्षा? राज्याची समिती, म्हणून प्रश्न राज्याच्या यंत्रणेपुरता. इशारे देणाऱ्या केंद्रीय संस्था, समुद्र, एनएसजी, हे सगळं तिच्या हाताबाहेर. पुन्हा गुडघा तपासा, हृदय नको. केंद्राने एनआयए स्थापन केली, एनएसजीची केंद्रं उभी केली, पण कारगिलसारखी संपूर्ण आढावा घेणारी समिती नेमली नाही. प्रधान समितीचा अहवाल २००९ मध्ये आला. विधिमंडळात आधी फक्त कृती अहवाल मांडला गेला. मूळ अहवाल बाहेर फुटल्यावर डिसेंबरमध्ये तोही मांडावा लागला. दिल्लीपासून मुंबईपर्यंत, त्या रात्री सगळी यंत्रणा मिळून कुठे कुठे सुटली, याचा एकसंध सरकारी अहवाल आपल्याकडे नाही. १६६ माणसं गेली, आणि पूर्ण प्रश्न कोणी विचारलाच नाही. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी फोनवर ‘उच्चस्तरीय समिती स्थापन’ अशी बातमी आली की लगेच हसू नका आणि लगेच विश्वासही ठेवू नका. अध्यक्षांच्या नावावर थांबू नका. शोधा : समिती नेमली कोणी, आणि ज्याने नेमली तो स्वतः तपासात येतो का? नेमका प्रश्न काय दिलाय? आत बाहेरचं कोणी आहे का? कागद मागायचा अधिकार आहे की नुसती विनंती? अहवाल कोणाच्या टेबलावर जाणार, संसदेच्या की साहेबांच्या? आणि अहवाल आल्यावर पुढचं काम कोणाच्या नावावर लिहिलंय?

यातली निम्मी उत्तरं सरकारी आदेशाच्या एका पानात मिळतात. ते पान बहुतेकदा सार्वजनिक असतं, आपणच उघडत नाही. आणि न मिळालेली निम्मी उत्तरं आपल्या आमदार-खासदारांना विचारायची असतात. त्यासाठी तर त्यांना पाठवलंय.

पुढच्या भागात नामका चूच्या काठी नेमकं काय घडलं ते नकाशासह बघू. तोवर हा भाग एखाद्या मित्राला पाठवा, खास करून जो म्हणतो की इतिहास म्हणजे फक्त लढाया. भेटूच!